दोन डिग्री वाढवा, गुरुजी!

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मला ताप आला. म्हणजे आला असं वाटलं. गडचांदुरात एप्रिल लागला की अंगाला हात लावून ताप कळत नाही. कारण हात, अंग, खाट आणि खाटेखालची फरशी ही सगळी मंडळी तेव्हा एकाच मापात असतात. हिनं माझ्या कपाळाला हात लावला, मग भिंतीला लावला आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा भिंतीला जास्त आहे."

तरी खात्री करावी म्हणून कपाटातून थर्मामीटर निघाला. काचेचा, पाऱ्याचा, मुलगी लहान असताना घेतलेला. मी आज्ञाधारक पेशंटसारखं तोंड उघडलं. ही हातातल्या थर्मामीटरकडे बघतच राहिली.

"काय झालं?"

"एकशे सात."

"अजून तोंडात घातला कुठे?"

"तेच तर म्हणते."

थर्मामीटरला ताप होता. मी तो झटकला. पारा खाली गेला, आणि हात थांबला तसा पुन्हा हळूहळू वर चढून १०७ वर जाऊन बसला. यात त्याची काही चूक नव्हती. चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरू नये, अशी त्याच्या गळ्याशी सोय केलेली असते; पण झटकून तो उतरावा तर बाहेरची हवा अंगापेक्षा थंड हवी, हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं. आमचं पश्चिमेच्या भिंतीचं कपाट त्यानं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांना फोन केला. ते इथलेच, त्यामुळे अजिबात चकित झाले नाहीत. म्हणाले, "आधी थर्मामीटर माठात बुडवा, झटका, तसाच तोंडात घाला आणि काढल्याबरोबर वाचा. अर्ध्या मिनिटानं वाचाल तर तो खोलीचा ताप असेल."

तसं केलं. ९८.४ निघाला. म्हणजे त्या दुपारी घरात ताप नसलेला मी एकटाच होतो.

ही गंमत मी संध्याकाळी ओट्यावर सांगितली. ओटा शेजारच्या काकाजींचा. काकाजी सिमेंटच्या कारखान्यात भट्टीवर होते, आता निवृत्त. आमच्या गावाभोवती चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने. भट्टीत माल सुमारे १४५० अंशांपर्यंत तापतो, तेव्हा कुठे त्याचे गोळे होतात आणि ते दळून सिमेंट बनतं. काकाजींनी त्या आकड्याशेजारी तीस वर्षं काढल्यामुळे बाकीचे आकडे त्यांना पोरासोरांचे वाटतात. "सत्तेचाळीस?" ते म्हणतात, "सत्तेचाळीसवर आमच्या भट्टीला हिव भरते."

पण हेच काकाजी रोज सकाळी पेपर आला की आधी शेवटून दुसरं पान उघडतात. तिथे विदर्भाच्या तापमानाचा तक्ता असतो. निधनवार्ता नंतर.

"पाहा गुरुजी," त्या दिवशी ते पेपर माझ्यापुढे नाचवत म्हणाले, "अकोला पहिलं! चंद्रपूर दुसरं. पॉइंट चारनं गेलं आपलं."

त्यांचा चेहरा असा, की सातबाऱ्यावरून नाव गेलं. उन्हानं माणूस करपला, कुलरची मोटर जळली, माठाला तडा गेला, हे सगळं आम्ही हसत सोसतो. पण सोसलेल्याचा आकडा लागतो, आणि तो शेजारच्या जिल्ह्यापेक्षा मोठा लागतो. तक्त्यात सगळ्यात खाली बुलढाणा असतं. त्या गावाबद्दल आमच्या ओट्यावर जो सूर लागतो, तो नापास पोराबद्दल लागतो. "काय जी ते, अडतीस! स्वेटर घालत असतील."

"आणि चंद्रपूर म्हणजे आपण थोडेच?" काकाजींचं दुसरं दुःख बाहेर आलं. "चंद्रपूर येते, ब्रह्मपुरी येते. गडचांदूरचं नाव काऊन नाही येत? हाकेच्या अंतरावर चौदाशे पन्नास डिग्री जळून राहिली, आणि पेपरात आपला पत्ता नाही!"

मग त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. "गुरुजी, तुम्ही भूगोल शिकवला ना? तुम्हीच मोजा."

भूगोल मी एकतीस वर्षं शिकवला. 'हवेचे तापमान सावलीत मोजतात' हे वाक्य फळ्यावर लिहून किती खडू संपवले याची गणती नाही. त्यामुळे चंद्रपूरहून तापमापक आणलं आणि सरळ नेऊन न्हाणीघराच्या टिनावर ठेवलं. शिकवलेलं स्वतः करायचं असतं, अशी सवय शिक्षकाला नसते.

त्यावर आकडे पन्नासपर्यंत होते. लाल रेघ दहा मिनिटांत पन्नासला टेकली, आणखी पाच मिनिटांत काच टचकन फुटली. मी हळहळलो. काकाजींना आनंदानं काय करू नि काय नको झालं.

"पन्नास पार!"

"काकाजी, ते हवेचं तापमान नाही. टिनाचं आहे."

"टिन काय गावाबाहेरचं आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते येईपर्यंत बातमी पानठेल्यावर पोचली होती. तिथे ती पंचावन्न झाली. बसस्टँडवर साठ. संध्याकाळी मी भाजी घ्यायला गेलो, तर भाजीवाली म्हणाली, "ऐकलं का गुरुजी, कोण्या मास्तरच्या घरी आज मीटर फुटलं. दोन जण जखमी."

दुसरं तापमापक आणलं. ते स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीला लावलं. ४९ दाखवलं. आत कुरडयांचा चीक शिजत होता. ते काढून पुढच्या खोलीत लावलं, तर ३१. समोर कुलर होता. ही म्हणाली, "हेच बरोबर आहे. हेच लिहा आणि आता बसा." मोबाइल म्हणत होता ४४. एकाच घरात स्वयंपाकघर राजस्थान आणि बैठक महाबळेश्वर.

तेव्हा कुठे मी माझंच जुनं पाठ्यपुस्तक काढलं. हवेचं तापमान मोजायला पेटी लागते. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरनं ती १८६४ च्या सुमारास तयार केली. हा समुद्रकाठची दीपगृहं बांधणारा माणूस. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. मुलानं खजिना शोधला, बापानं सावली. पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्या, म्हणजे वारा आत जावा पण ऊन जाऊ नये. जमिनीपासून सुमारे चार फूट उंच, भिंतीपासून लांब, आणि आपल्याकडे दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी सूर्य आत डोकावणार नाही.

मी सुताराला नकाशा काढून दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

"कोणता देव बसवाचा आहे?"

"देव नाही. आतून वारा खेळला पाहिजे, एवढंच."

"वाऱ्याचा म्हणजे मारुती."

"अरे, देव नाही बाबा! आणि दार उत्तरेला ठेव."

"मारुती तर दक्षिणमुखी असते जी," तो शांतपणे म्हणाला. "उत्तरेला दार पहिल्यांदाच पाहून राहिलो. तुमचं कुळ वेगळं असेल."

पेटी झाली. अंगणात चार पायांवर उभी राहिली, पांढरीशुभ्र. वर मी हौसेनं उतरतं छप्पर घ्यायला सांगितलं होतं, त्यामुळे आता ती कोणत्याही बाजूनं देऊळच दिसत होती. आत तापमापक टांगलं. ओसरीतल्या खिळ्याला वही अडकवली, तिला दोरीनं पेन्सिल बांधली. तिसऱ्या दिवशी पेटीपुढे झेंडूचं फूल दिसलं. पाचव्या दिवशी उदबत्ती. गल्लीतली माणसं जातायेता चप्पल काढून हात जोडू लागली. कचऱ्याची गाडीसुद्धा आमच्या दारात गाणं बारीक करायची.

रोज दुपारी तीनला मी आकडा घ्यायचो. ऊन बाराला डोक्यावर असलं तरी पारा सगळ्यात वर चढतो तो दोन-तीन तासांनी. जमीन आधी स्वतः तापते आणि मग हवेला तापवत बसते. थोडक्यात, ती आमच्या घरासारखी आहे. रागावण्याचं कारण बाराला घडतं आणि भांडण तीनला होतं.

एक दिवस आकडा घ्यायला गेलो, तर पेटीत २४. मी चष्मा पुसला. २४. मोबाइलवर ४४. गडचांदुरात मे महिन्यात चोवीस! काकाजींना कळलं तर आजन्म बोलणार नाहीत. दार नीट उघडून पाहिलं, तर तापमापकाच्या खालच्या गोळीला ओलं फडकं गुंडाळलेलं.

चौकशीअंती गल्लीच्या टोकाची आजी कबूल झाली. "काय करू बाबू, देवाचं तोंड लालेलाल झालं होतं. ऊन लागलं बिचाऱ्याले. म्हणून डोक्शावर ओली चिंधी ठेवली."

मी रागावणार होतो, पण पाठ्यपुस्तकाचं पुढचं पान आठवलं. हवामानवाले हेच मुद्दाम करतात. एक तापमापक कोरडं आणि शेजारी एक ओल्या फडक्यातलं. फडक्यातलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, पारा उतरतो, आणि दोघांत जितकं अंतर जास्त तितकी हवा कोरडी. माठ त्यावरच चालतो, कुलर त्यावरच चालतो, आणि फुकटात मिळालेला आपला घामही त्यावरच. आजीनं वेधशाळेचं निम्मं काम चिंधीत उरकलं होतं. आमच्या हवेत वीस अंशांचं अंतर निघालं, म्हणजे आमचा कुलर का गारवा देतो ते कळलं. पाऊस पडून हवा ओली झाली की तोच कुलर फक्त आवाज देतो, तेही कळलं.

हे शास्त्र मी ओट्यावर मांडलं आणि नव्या संकटाला आमंत्रण दिलं. काकाजींच्या नातवानं मोबाइल काढला. "आजोबा, इथं लिहिलं आहे, चव्वेचाळीस, जाणवतं एक्केचाळीस."

"जाणवते?" काकाजी ताडकन उठले. "कोणाला जाणवते? मला नाही जाणवत!"

मी समजावलं. कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो, त्यामुळे अंगाला थोडं कमी जाणवतं. ओल्या हवेत घाम वाळतच नाही, म्हणून जास्त जाणवतं. नेमका तेव्हाच डोंबिवलीहून माझ्या साडूंचा फोन आला. "अहो, मेलो! चौतीस आहे, पण जाणवतंय त्रेचाळीस!"

काकाजींनी फोनवरचं ते वाक्य ऐकलं आणि त्यांचा संताप अनावर झाला. "म्हणजे यांचं चौतीसचं त्रेचाळीस होते, आणि आपलं चव्वेचाळीसचं एक्केचाळीस? कोळसा आमच्या उरावर जळते. चंद्रपूरची वीज साडेसातशे किलोमीटर तार टाकून यांच्याकडे पडघ्याला नेली. तिच्यावर यांचे एसी चालते. आणि आता डिग्र्या पण यांनाच?"

नियमही त्यांच्याच बाजूनं निघाले, म्हणजे साडूंच्या. हवामान खात्याच्या हिशोबानं किनाऱ्यावर पारा ३७ वर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढला, तर ती उष्णतेची लाट. मैदानात त्यासाठी आधी चाळिशी गाठावी लागते. ४५ झालं की मात्र नेहमीचं काही का असेना, लाटच. आणि ४७ म्हणजे तीव्र लाट.

"सदतीस?" काकाजी म्हणाले. "सदतीसला तर आम्ही लग्नात सूट घालतो."

खरा प्रश्न पंचेचाळिसाचा होता. माझी पेटी काही केल्या ४४ च्या पुढे जाईना. ४३.८, ४४.१, ४३.९. रोज तीन वाजता काकाजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून, पेटीच्या दर्शनाला यायचे आणि निकाल लागल्यावर नापास पोराच्या बापासारखे परत जायचे. शेवटी एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गुरुजी, एक विचारू? तुम्ही पोरांना ग्रेस मार्क देत होते ना?"

"द्यायचो."

"तेहतीसचे पस्तीस करत होते?"

"करायचो. पोराचं वर्ष वाचायचं."

"मग गावाचं वर्ष वाचवा ना! चव्वेचाळीसचे शेहेचाळीस करा. दोनच डिग्री वाढवा."

मी तत्त्वनिष्ठ चेहरा केला. तो मला फार वेळ ठेवता येत नाही. "काकाजी, पदवी आणि डिग्री यांत फरक आहे. एक देता येते, दुसरी मोजावी लागते."

"ठरवली कोणी ही डिग्री?"

सांगितलं. आंदेर्स सेल्सियस, स्वीडन, १७४२. गंमत म्हणजे त्या गृहस्थानं आधी पट्टी उलटी लावली होती. पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर. पुढे काही वर्षांत लोकांनी ती सुलटी केली.

काकाजींनी बोटं मोडून हिशोब केला. "म्हणजे त्याच्या मूळ हिशोबानं आपण छप्पन?"

"हो."

"आणि अकोला पंचेचाळीस, म्हणजे पंचावन्न?" त्यांचा चेहरा उजळला. "मग आपण पुढं! उलटी कोणी केली? अकोल्याचा असेल कोणी."

मी शेवटचं शस्त्र काढलं. म्हटलं, दोन डिग्री म्हणजे थट्टा नव्हे. साऱ्या पृथ्वीचं सरासरी तापमान शक्यतो दीड अंशापेक्षा जास्त वाढू नये म्हणून जगभरचे देश २०१५ साली पॅरिसमध्ये बसले आणि करार केला. दीड अंश सेल्सियस म्हणजे फॅरनहाइटमध्ये जवळजवळ पावणेतीन. माणसाचं ९८.६ चं १०१.३ झालं तर तो कामावर जात नाही, अंथरूण धरतो. तसंच पृथ्वीचं. आणि २०२४ हे एक साल तर त्या दीडच्याही पुढे गेलं.

काकाजी गंभीर झाले. मला वाटलं, पोचलं. भट्टीत चुनखडी भाजली की तिच्या पोटातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "सगळ्या जगाला दीड वाढवून दिले?"

"दिले नाहीत, वाढले."

"तेच. सगळ्यांना मिळाले. फक्त गडचांदूरला देताना तुमचा हात आखडते."

त्या रात्री मी गच्चीवर पडून विचार करत होतो. तेंदूपत्ता तोडणारी माणसं या दिवसांत पहाटेच जंगलात जातात आणि ऊन चढायच्या आत पुडे बांधायला घरी येतात. ताडोबाचा वाघ दुपारभर पाणवठ्यात मानेपर्यंत बसून राहतो. दोघांपैकी कोणीही कधी किती डिग्री आहे हे विचारलेलं नाही. आकडा फक्त आम्हाला लागतो; कुलरपुढे बसून, पन्हं पीत, अकोल्याशी तुलना करायला. हा विचार फार उदात्त होता, पण गच्चीच्या स्लॅबनं दिवसभर साठवलेली उष्णता माझ्या पाठीतून परत करायला सुरुवात केली आणि तो तिथेच संपला.

मग २५ मे आला, म्हणजे नवतपा. सूर्य रोहिणीत येतो आणि पुढचे नऊ दिवस आमच्याकडे कोणी कोणाच्या दारात जात नाही. उन्हाची वार्षिक परीक्षा हीच. काकाजींनी आधीच बजावलं होतं, "गुरुजी, पंचेचाळीस होणार तर याच नऊ दिवसांत. लक्ष ठेवा."

ग्रेस मार्क नाकारल्यापासून बरेच दिवस पेटी कोणी उघडलीच नव्हती. पहिल्या दिवशी तीनला मी पेटीचं दार उघडलं. आतून फडफडत चिमणी बाहेर पडली. मागची एक पट्टी केव्हातरी निखळली होती, आणि तापमापकाला टेकून आत व्यवस्थित घरटं. चार अंडी. घरट्यासाठी वापरलेलं गवत ओळखीचं होतं. ते काकाजींच्या कुलरच्या ताटीतलं होतं.

मी दार लावलं. आजी मागे उभीच होती. "उघडू नको बाबू आता," ती म्हणाली. "देवाघरी बाळंतपण आहे."

आमच्या खात्यात सरकारी परिपत्रक मोडता येतं, पण अशी आज्ञा मोडता येत नाही. पेटी बंद झाली. ज्या नऊ दिवसांसाठी हा सारा खटाटोप, त्या नऊ दिवसांत गडचांदूरचं तापमान एका चिमणीशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं. मी वहीत तारखा घातल्या आणि पुढे रकाने कोरे सोडले. ते पाहून काकाजी बराच वेळ गप्प उभे राहिले. मला त्यांची दया आली. मी आत गेलो.

एव्हाना त्यांचा कुलर निम्म्या गवतावर चालत होता. गरम वारा फेकायचा. नवव्या दिवशी दुपारी त्याच्या मोटरीनं धूर सोडला आणि ती कायमची थांबली. काकाजी ओली चादर अंगावर घेऊन ओट्यावर बसले होते, आजीनं चिंधी गुंडाळलेल्या तापमापकासारखे. अधूनमधून त्यांच्या तोंडून जे शब्द येत होते, ते भट्टीवरचे असावेत.

जूनमध्ये पिल्लं उडाली. पहिला पाऊसही येऊन गेला. मी पेटी साफ केली, पट्टी बसवली आणि ओसरीतली वही खाली घेतली. नवतप्याचे कोरे रकाने कोरे नव्हते. दोरीच्या पेन्सिलीनं, थरथरत्या पण ठाम अक्षरात कोणीतरी ते भरले होते. ४६. ४६.५. ४७. ४७. ४७.५. ४७.८. ४८. ४८. आणि नवव्या दिवसापुढे, कुलर जळाला त्या दिवसापुढे, १४५०.

कपाटात जुना लाल पेन होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हातात घेतला. पहिल्या आठ आकड्यांवर काट मारली.

नवव्यापुढे बरोबरची खूण केली.